वैमानिक आणि उड्डाण-प्रशिक्षकांच्या लेखी परीक्षांत न कळवता होणारे बदल : तयारी कशी राखावी?

शीतल_पार्ले

विलेपार्ल्यात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना मी हवाई नियम आणि हवामानशास्त्र हे दोन विषय शिकवते. प्रत्येक सत्र संपले की "मॅडम, या वेळी पॅटर्नच बदलला" असे सांगणारे फोन येतात. त्यातला बराचसा भाग ऐकीव असतो, परंतु काही भाग खरा असतो आणि त्याचा फटका अभ्यासू मुलांनाही बसतो, म्हणून या विषयावर एकदा नीट, तपशिलाने बोलावे असे वाटले.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे आणि आपल्याकडची पुष्कळ मुले तिकडे शिकायला जात असल्यामुळे ते आपल्यालाही जवळचे आहे. एफएए या तिथल्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या 'फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग' या परीक्षेत, म्हणजे उड्डाण-प्रशिक्षक होण्यासाठी अध्यापनशास्त्राची जी लेखी परीक्षा द्यावी लागते तिच्यात, तसेच एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट आणि फ्लाइट इंजिनीअर यांच्या परीक्षांत २०११ च्या सुरुवातीला पूर्वसूचना न देता नवे प्रश्न घातले गेले, आणि नापास होणाऱ्यांचे प्रमाण एकाएकी वाढले. प्रशिक्षक होण्याची ही परीक्षा पन्नास प्रश्नांची, दीड तासाची आणि सत्तर टक्क्यांना उत्तीर्ण करणारी आहे. वर्षानुवर्षे ती सोपी समजली जात होती, कारण एके काळी एफएए संपूर्ण प्रश्नसंच छापून देत असे आणि तेच प्रश्न उत्तरांसकट तयारीच्या पुस्तकांत येत असत. पहिले चार शब्द वाचून पर्याय ओळखण्याची सवय लागलेल्या उमेदवारांसमोर अनोळखी प्रश्न आले, तेव्हा त्यांच्यापाशी विषयाचा आधार उरला नव्हता.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट मांडते. परीक्षेतले प्रश्न गुप्तच असले पाहिजेत. मात्र प्रश्न कोणत्या मर्यादेतून येणार, कोणता संदर्भग्रंथ आणि त्याची कोणती आवृत्ती प्रमाण मानली जाणार आणि बदललेला नियम कोणत्या तारखेपासून उत्तर म्हणून धरला जाणार, या तीन गोष्टी उमेदवाराला आधी कळल्या पाहिजेत. या तीन गोष्टी न कळवता बदलणे आणि प्रश्नांची भाषा बदलणे यांत मोठा फरक आहे, आणि तयारीही दोन्हींसाठी वेगवेगळी करावी लागते.

---

अनिरुद्ध_ठाणे

मॅडम, धागा काढल्याबद्दल आभार. मी सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या, पेपरांची तयारी करत आहे. ज्या क्लासमध्ये मी प्रवेश घेतला होता (नाव देत नाही) तिथे पहिल्याच दिवशी क्वेश्चन बँकेचा गठ्ठा हातात दिला आणि "बाहेरचे काही येत नाही" असे छातीठोकपणे सांगितले. मेटच्या (हवामानशास्त्राच्या) पेपरात तेच विषय आले, पण प्रश्न उलट बाजूने विचारले होते. विषय ओळखीचे असूनही हात चालेना. टेलिग्रामवरच्या गटांत त्याच संध्याकाळी "आलेले प्रश्न" फिरू लागले आणि आता माझे मित्र तेच पाठ करत आहेत. माझा प्रश्न सरळ आहे. बँक सोडून द्यायची का? आणि सोडली तर इतक्या मोठ्या अभ्यासक्रमात सराव कशावर करायचा?

---

शीतल_पार्ले

अनिरुद्ध, बँक सोडण्याची गरज नाही, ती वापरण्याची रीत बदलावी लागेल. तुमच्याच मेटच्या पेपराशी संबंधित एक प्रश्न घेऊन दाखवते.

बँकेत असा प्रश्न असतो: उंचीमापकावर १०१० हेक्टोपास्कल लावून विमान अशा ठिकाणी पोहोचले की तिथला क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणून मोजलेला स्थानिक हवेचा दाब) १००२ आहे, उंचीमापक ३००० फूट दाखवतो आहे आणि एका हेक्टोपास्कलला ३० फूट धरायचे आहेत, तर खरी उंची किती? आठ गुणिले तीस म्हणजे २४० फूट, दाब कमी असलेल्या भागात विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा खाली असते, म्हणून उत्तर २७६० फूट. ज्याने हे उत्तर पाठ केले आहे त्याच्यासमोर परीक्षेत दुसरा प्रश्न येतो: परिस्थिती हीच, परंतु विमान खरोखर ३००० फुटांवर आहे, तर उंचीमापक काय दाखवेल? आकडे सगळे ओळखीचे आहेत, पर्यायांत २७६० आहे आणि घाईत बोट तिथेच जाते. बरोबर उत्तर मात्र ३२४० आहे.

म्हणून माझ्या वर्गात बँकेतला प्रत्येक गणिती प्रश्न सोडवून झाला की दिलेली एक किंमत झाकायची, उत्तर दिलेले आहे असे धरायचे आणि झाकलेली किंमत काढायची असा नियम आहे. क्यूएनएच झाका, लावलेला दाब झाका, दर हेक्टोपास्कलचे फूट झाका. एका प्रश्नाचे चार प्रश्न होतात, आणि परीक्षकाने प्रश्न कोणत्याही बाजूने फिरवला तरी तो तुमच्या वहीत कधी ना कधी येऊन गेलेला असतो. सिद्धान्ताच्या प्रश्नांत चुकीच्या प्रत्येक पर्यायापुढे "कोणती गैरसमजूत असलेला माणूस हा पर्याय निवडेल" हे एका ओळीत लिहायचे. हे काम वेळखाऊ आहे आणि पहिल्या आठवड्यात मुले कंटाळतात, परंतु पर्यायांची जागा किंवा वाक्यरचना बदलली म्हणून गडबडणे त्यानंतर जवळजवळ थांबते.

टेलिग्रामवरच्या प्रश्नांविषयी एक सावधगिरी सांगते. अमेरिकेच्या नियमांत परीक्षेतील मजकूर उतरवून घ्यायला किंवा बाहेर न्यायला मनाई आहे, आणि तसे करणारा उमेदवार एक वर्षभर कोणत्याही प्रमाणपत्रासाठी अपात्र ठरू शकतो. आठवणीतून गोळा केलेल्या प्रश्नांत उत्तरेही आठवणीतलीच असतात, हा दुसरा धोका.

---

कॅप्टन_माहीम

मी अनेक वर्षे विमान कंपनीत उडवतो आहे आणि मला या तक्रारीचा सूर पटत नाही. प्रश्न बदलले म्हणून नापास होणाऱ्या उमेदवाराला विषय येत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होतो. उलट मी म्हणेन की सूचना न देता बदल करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, कारण सूचना दिली की दुसऱ्या दिवशी नवी बँक बाजारात येते. शंभर प्रवासी मागे बसलेले असताना उंचीमापकाची चूक कुठल्या बाजूला जाते हे ज्याला उमगत नाही त्याला परवाना मिळू नये, आणि लेखी परीक्षा ही त्याची पहिली चाळणी आहे.

---

शीतल_पार्ले

कॅप्टनसाहेब, उंचीमापकाच्या बाबतीत मी शब्दशः आपल्या बाजूची आहे, आणि वरचे उदाहरण मी त्याच कारणासाठी दिले. माझा आक्षेप दुसऱ्या प्रकारच्या बदलाला आहे. ज्या पुस्तकातून शिकायला सांगितले त्यात नसलेला विषय विचारला गेला, किंवा दोन आवृत्त्यांत दोन व्याख्या असताना कोणती प्रमाण हे कुठेच लिहिलेले नसले, तर नापास झालेल्या उमेदवाराबद्दल आपल्याला काहीच अनुमान काढता येत नाही. त्याला विषय येत नव्हता की त्याच्या हाती चुकीची आवृत्ती होती, हे त्या गुणांवरून कळत नाही. असा पेपर चाळणीचे कामही नीट करत नाही.

---

फळा_खडू

मी बी.एड. महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालो. विमानातले मला काही कळत नाही, परंतु भाचा प्रशिक्षक होण्यासाठी अभ्यास करत होता तेव्हा त्याचे अध्यापनशास्त्राचे पुस्तक मी आवडीने वाचले, आणि त्यातला बराचसा मजकूर आमच्याच वर्गातला निघाला. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकचे सज्जतेचे, सरावाचे आणि परिणामाचे नियम त्यात आहेत, मॅस्लोची गरजांची उतरंड आहे, ब्लूमचे वर्गीकरण आहे. शिकण्याच्या चार पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत: घोकंपट्टी, आकलन, उपयोजन आणि सहसंबंध. ज्या परीक्षेचा विषयच घोकंपट्टी ही सर्वांत खालची पायरी आहे असे शिकवतो, ती परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या घोकंपट्टीवर दिली जात होती हे वाचून मला शिक्षक म्हणून फार वाईट वाटले, कारण त्यातूनच पुढचे शिक्षक तयार होत होते.

थॉर्नडाइकच्या तीन नियमांखेरीज त्या पुस्तकात प्राथम्याचा नियमही दिला आहे. जे प्रथम शिकले जाते ते मनात घट्ट बसते आणि चुकीचे बसले तर पुसून नवे लिहिणे अवघड जाते. अनिरुद्ध यांचा हात का चालला नाही याचे उत्तर मला त्यात दिसते. विषय समजण्याआधी त्यांच्या मनात उत्तराचा आकडा बसला, म्हणून प्रश्न उलटा आल्यावर आधी तो आकडा बाजूला सारावा लागला आणि मगच विचार सुरू झाला. क्रम तेवढा बदला. आधी प्रकरण, मग स्वतःच्या शब्दांत टिपण, आणि सर्वांत शेवटी बँक.

शीतलताईंनी मर्यादेचा जो मुद्दा मांडला त्याला आमच्याकडे जुना उपाय आहे. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी संविधान तक्ता करावा लागतो. कोणत्या घटकाला किती गुण, त्यांपैकी ज्ञानाला किती, आकलनाला किती, उपयोजनाला किती, हे त्यात आधी ठरते. हा तक्ता जाहीर केल्याने एकही प्रश्न फुटत नाही. कॅप्टनसाहेबांची भीती आणि ताईंची मागणी या दोन्ही त्यात सामावतात असे मला वाटते.

---

मिलिंद_ऑर्लँडो

मूळ दादरचा, सध्या फ्लोरिडात उड्डाण-प्रशिक्षक आहे. २०११ नंतर इकडे काय झाले ते सांगतो, कारण निवृत्त सरांनी सुचवलेली गोष्ट जवळजवळ तशीच घडली.

त्या गोंधळानंतर त्याच वर्षी एफएएने उड्डाणक्षेत्रातल्या संस्थांना बरोबर घेऊन परीक्षांचे मानक तपासण्यासाठी समिती नेमली. त्या कामातून 'एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स', म्हणजे एसीएस, आकाराला आले आणि जून २०१६ पासून प्रायव्हेट पायलट आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) यांना लागू झाले. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेचे मानक वेगळे आणि लेखी परीक्षेचे प्रश्न वेगळे अशी स्थिती होती. एसीएसमध्ये प्रत्येक कामासाठी काय माहीत असावे, कोणते धोके ओळखता यावेत आणि काय करून दाखवता यावे हे एकत्र लिहिलेले आहे, प्रत्येक ओळीला संकेतांक आहे, आणि लेखी परीक्षेच्या प्रश्नांचा त्या संकेतांकांशी संबंध जोडलेला असतो. विमानाच्या उड्डाण-प्रशिक्षकांसाठीचे एसीएस ३१ मे २०२४ पासून लागू झाले. त्याच तारखेपासून ही मानके कायद्याच्या नियमांत संदर्भाने समाविष्ट केली गेली आहेत, त्यामुळे त्यांत बदल करायचा तर नियम बदलण्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते. प्रश्न मात्र आजही न सांगता बदलतात आणि ते योग्यच आहे.

इकडे येणाऱ्या मुलांनी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. संकेतस्थळावर एफएए नमुना प्रश्न देते, ते प्रश्नांची धाटणी कळण्यापुरते वापरावेत, संपूर्ण संच म्हणून नव्हे. परीक्षेत काही प्रश्न केवळ चाचणीसाठी घातलेले असू शकतात आणि त्यांचे गुण धरले जात नाहीत, म्हणून एखादा पूर्ण अनोळखी प्रश्न दिसला तर त्यावर वेळ आणि धीर दोन्ही घालवू नयेत. प्रशिक्षकाची पुस्तिका, म्हणजे एफएएचे 'एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक', आवृत्ती तपासूनच विकत घ्यावी. मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात २००८ ची आवृत्ती अजून मिळते, परंतु त्यानंतर २०२० ची आली आहे.

---

डोंबिवलीकर_पालक

नमस्कार. माझा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आहे आणि तिथल्या लेखी परीक्षेत थोडक्यात अनुत्तीर्ण झाला. आम्ही शैक्षणिक कर्ज काढलेले आहे, तिथे राहण्याचा खर्च दिवसागणिक वाढतो आहे आणि तो फोनवर फक्त "प्रश्न वेगळे होते" एवढेच सांगतो. आम्ही घरी बसून त्याला काय सांगावे? पुन्हा परीक्षा देण्यास किती अडचण येते?

---

मिलिंद_ऑर्लँडो

काका, प्रथम धीर धरा, ही स्थिती सावरण्यासारखी आहे. निकालपत्रावर चुकलेल्या प्रश्नांचे संकेतांक छापलेले असतात. मुलाला ते पत्र घेऊन प्रशिक्षकाकडे बसायला सांगा आणि प्रत्येक संकेतांक एसीएसमध्ये शोधून त्याचे नेमके वाक्य वहीत उतरवायला सांगा. "प्रश्न वेगळे होते" या एका भावनेच्या जागी चारपाच निश्चित विषयांची यादी हाती येते, आणि माझ्या विद्यार्थ्यांत मी पाहिले आहे की बहुतेक वेळा त्या यादीतले दोन विषय पहिल्यापासूनच कच्चे राहिलेले असतात. पुन्हा परीक्षेला बसण्यासाठी अधिकृत प्रशिक्षकाने आवश्यक ते शिक्षण दिले आणि उमेदवार तयार आहे अशी नोंद करून सही करावी लागते. ती सही मिळवण्याची घाई त्याने करू नये. उत्तीर्ण झाल्यावर तो निकाल चोवीस महिने चालतो, तेवढ्या काळात प्रात्यक्षिक परीक्षा झाली पाहिजे.

दरम्यान त्याचे उड्डाण थांबू देऊ नका. लेखी राहिली म्हणून उडणे बंद केलेल्या मुलांचा हात बिघडतो आणि तो परत आणायला जास्त तास, म्हणजे जास्त पैसे लागतात.

---

रेग्ज_अंधेरी

परत येऊन परवाना बदलून घेणाऱ्यांच्या उपयोगाचे काही लिहितो. परदेशी सीपीएलचे भारतीय परवान्यात रूपांतर करताना हवाई नियमांचा पेपर आणि नॅव्हिगेशन व हवामानशास्त्र यांचा एकत्रित पेपर द्यावा लागतो, आणि हवाई नियमांत सध्या बदल जास्त आहेत. हे बदल राजपत्रात आणि डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर जाहीर झालेले आहेत. तरीही ते बँकेत पोहोचलेले नसल्यामुळे विद्यार्थ्याला अचानक आल्यासारखे वाटतात.

जुन्या बँकेत "भारतातील नागरी विमान वाहतुकीचा मूळ कायदा कोणता" याचे उत्तर १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट असे आहे. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. जुन्या कायद्याखाली केलेले १९३७ चे एअरक्राफ्ट रूल्स मात्र त्याच दिवशी आपोआप संपले नाहीत, त्यामुळे दोन्ही एका झटक्यात खोडणारा विद्यार्थीही चुकतो. याच अधिनियमाने रेडिओ टेलिफोनीच्या प्रमाणपत्राचे, म्हणजे आरटीआरचे काम दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आणले. ज्येष्ठ मुलांकडून या परीक्षेच्या ज्या सूचना ऐकीव मिळतात, त्या त्यांच्या वेळच्या व्यवस्थेच्या आहेत.

सर्वांत फसवे उदाहरण वैमानिकांच्या विश्रांतीचे आहे. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारा नियम जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती तरतूद प्रत्यक्ष लागू झाली १ जुलै २०२५ पासून. या मधल्या काळात दोन्ही आकडे दोन वेगवेगळ्या कागदांवर खरे होते. ज्याला केवळ आकडा पाठ होता त्याला दोन्ही ऐकू आले आणि तो गोंधळला. ज्याने तारखेसकट वाचले होते त्याला अडचण आली नाही.

यासाठी मी विद्यार्थ्यांना सीएआरचे ('सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स' या डीजीसीएच्या नियमपत्राचे) पहिले पान वाचायची सवय लावतो. वरच्या बाजूला सेक्शन, सिरीज, पार्ट, इश्यूची तारीख, सुधारणा क्रमांक आणि लागू होण्याची तारीख दिलेली असते. बहुतेक मुले ते पान उलटून थेट मजकुराकडे जातात. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर ही ओळ जशीच्या तशी उतरवावी, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फक्त त्या ओळी संकेतस्थळावरच्या ओळींशी ताडून पाहाव्यात. संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा वाचण्याची गरज पडत नाही, कारण ज्या टिपणाची ओळ जुळत नाही तेवढेच प्रकरण नव्याने वाचायचे असते.

---

कॅप्टन_माहीम

विश्रांतीच्या नियमाचे उदाहरण वाचून माझा आग्रह थोडा सैल करतो. त्या काळात आम्हा वैमानिकांतही कोणती तरतूद कधी लागू यावर रोज चर्चा होत होती, आणि विद्यार्थ्याला त्यात स्पष्टता हवी असेल तर ती मागणी रास्त आहे. गणित आणि सिद्धान्त यांबाबत माझे म्हणणे कायम आहे.

---

अनिरुद्ध_ठाणे

रेग्ज सर, एक व्यावहारिक शंका. परीक्षेच्या खोलीत जुन्या नियमाप्रमाणे एक आणि नव्या नियमाप्रमाणे दुसरा असे दोन पर्याय दिसले, आणि प्रश्न जुन्या संचातला असावा अशी शंका आली, तर काय करावे? परीक्षकाच्या मनात कोणता आहे याचा अंदाज बांधत बसलो की पुढचे प्रश्न राहतात.

---

रेग्ज_अंधेरी

अंदाज बांधू नका. परीक्षेच्या दिवशी जो नियम लागू आहे त्याप्रमाणे उत्तर द्या, कारण पुढे हरकत घेण्याची वेळ आली तर कागदाचा आधार त्याच उत्तराला मिळतो. प्रश्नातच एखाद्या नियमाचे किंवा वर्षाचे नाव घेतलेले असेल तर मात्र त्या चौकटीत राहून उत्तर द्यावे. डीजीसीएच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून असा प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. खूण करून पुढे जा, शेवटी वेळ उरला तर परत या, आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी विषय, नियमाचा क्रमांक आणि शंका एवढे लिहून ठेवा. प्रश्नाचा मजकूर लिहू नका. अमेरिकेतल्या परीक्षेत अभिप्राय नोंदवण्याची सोय असते, तिथे तो आवर्जून नोंदवावा.

---

शीतल_पार्ले

रेग्ज सरांच्या पहिल्या पानाच्या पद्धतीवरून एक काम सुचते आहे. हवाई नियमांच्या प्रकरणांसाठी या धाग्यावर एक सामाईक तक्ता ठेवू या, ज्यात सीएआरचे नाव, सुधारणा क्रमांक, लागू तारीख आणि शेवटचे तपासल्याची तारीख एवढेच असेल. प्रश्न किंवा उत्तरे त्यात कोणी घालू नयेत. परवाने आणि वैद्यकीय तपासणीचा भाग मी घेते. उड्डाण-कर्तव्यकाळ आणि विश्रांतीचा भाग रेग्ज सरांनी पाहावा अशी विनंती. मिलिंद, एसीएस आणि प्रशिक्षकाच्या पुस्तिकेची चालू आवृत्ती तुम्ही दर महिन्याला तपासून लिहाल का? फळा_खडू सर, आपण हवामानशास्त्राच्या एका प्रकरणाचा संविधान तक्ता नमुन्यादाखल करून दिलात तर मुलांना कुठे आकलन लागते आणि कुठे उपयोजन लागते हे डोळ्यांनी दिसेल. प्रकरणाची प्रत मी आपल्याला पाठवते.

---

फळा_खडू

अवश्य पाठवा. दाब आणि उंचीमापक यांचेच प्रकरण द्या, वरचे उदाहरण मला समजले आहे तेव्हा सुरुवात तिथून करता येईल.

---

मिलिंद_ऑर्लँडो

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तपासून लिहीन. डोंबिवलीकर काका, मुलाला निकालपत्रावरचे संकेतांक मला थेट निरोपातून पाठवायला सांगा, कोणता विषय कुठल्या प्रकरणात आहे ते मी त्याला लिहून देतो.